सातव्या प्रकरणातला पळपुटा

“बारटक्केबाई, आपला पळपुटा कितव्या पानावर गेला?”

सर आतल्या खोलीतून ओरडले. मी बाहेर टेबलाशी कार्डं लावत बसले होते.

“दोनशे एकवीस, सर.”

“प्रकरण?”

“सातवं.”

“वा! सातव्यातच शोभतो तो,” सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा भुरका मारला.

ही गोष्ट शहाऐंशी सालातली, गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं तेव्हाची. सर म्हणजे प्राध्यापक मेजर गजानन खासनीस, साताऱ्याचे सुप्रसिद्ध युद्धेतिहासकार. त्यातलं ‘मेजर’ एनसीसीचं. पण सरांनी ते कधी लपवलं नाही आणि कधी सांगितलंही नाही. लोक आपापल्या समजुतीने नमस्कार करत, सर तो घेत. बंदूक त्यांनी आयुष्यात दोनदा हातात धरली होती, दोन्ही वेळा सव्वीस जानेवारीला. एवढ्या अनुभवावर त्यांनी लढायांवर अकरा ग्रंथ लिहिले होते आणि बारावा छापखान्यात होता.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि सरांच्या ग्रंथांच्या सूची करायची. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते ती. कोणतं नाव कोणत्या पानावर आलंय, हे सांगणारी. एकेका नावाचं कार्ड करायचं, पेटीत लावायचं, त्यावरून ती तयार होते. फार मानाचं काम नव्हे. पण एक गंमत सांगते. सरांचे ग्रंथ घराघरात असत, ते वाचलेला माणूस मला भेटलेला नाही. सूची मात्र सगळे वाचत. पुस्तक हातात आलं की लोक सरळ मागची पानं उघडत, आपलं आडनाव शोधत, सापडलं की ते एक पान वाचत आणि पुस्तक दर्शनी कपाटात ठेवून देत. सर स्वतः त्याला अपवाद नव्हते. माझ्या सूचीतली एकच नोंद ते तपासत: ‘खासनीस, ग. वि.’ तिच्यापुढे पुरेसे आकडे दिसले की म्हणत, “उत्तम झालीय हो.”

सूची करणाऱ्याला पुस्तकाची हाडं दिसतात. कातडं कितीही तुकतुकीत असू दे. तर सरांच्या अकराही ग्रंथांची हाडं सारखीच होती. पहिल्या प्रकरणात पाऊस, तिसऱ्यात नकाशा, पाचव्यात सेनापतीचं भाषण, नवव्यात विजय, नाहीतर पराजय असूनही नैतिक विजय. आणि सातव्यात, पहाटेच्या वेळी, एक माणूस पळून जायचा. नेमाने. अकरा ग्रंथांत अकरा पळपुटे. माझ्या पेटीत ‘पळपुटे’ असं एक कार्डच होतं.

हे लक्षात आल्यावर मी एकदा भीतभीत विचारलं होतं. सर रागावले नाहीत. शिकवल्यासारखं म्हणाले, “शौर्याला पार्श्वभूमी लागते, बारटक्केबाई. पांढऱ्या कागदावर पांढरं चित्र काढता येतं का?”

“पण पुरावा, सर?”

“जुन्या हजेरीत नाव आहे. पुढच्या हजेरीत नाही. गेला कुठे?”

आता माणूस मेला असेल, हगवण लागून पडला असेल, बायको बाळंतीण म्हणून रजेवर गेला असेल. सरांच्या लेखी शक्यता एकच. मी कार्ड पेटीत परत ठेवलं. तीनशे वर्षांपूर्वीचा कोण कुठला शिलेदार, त्याच्यासाठी मी कशाला सरांशी वाकडं घेऊ?

बारावा ग्रंथ मात्र तीनशे वर्षांपूर्वीचा नव्हता. आरळगाव नावाचं एक गाव होतं, घरटी एक माणूस पलटणीत. दुसऱ्या महायुद्धात तिथून एकशे बारा जण गेले आणि चौदा परत आले नाहीत. ते चौदाही इटलीतल्या एका टेकडीवर अवघ्या दोन दिवसांत गेले. गावाने ठरवलं, त्यांचा स्तंभ उभारायचा आणि इतिहास लिहून घ्यायचा. दसऱ्याला दोन्हींचं उद्घाटन. ग्रामसभेचा ठराव झाला: ग्रंथात शहीद म्हणून जी नावं असतील, तीच दगडावर कोरायची. गावाला वाटलं, इतिहासकार आणलाय म्हणजे घोळ व्हायला नको.

श्रावणात सर आरळगावच्या चावडीवर गेले आणि सातवं प्रकरण त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. काय तो आवाज! “तेरा वीर त्या टेकडीवर अचल राहिले. चौदाव्याचे मात्र पाय डगमगले. शिपाई धोंडी शिंगटे पहाटेच्या धुक्यात उतार उतरून निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. चावडीच्या पायरीवर धोंडी शिंगट्याची बायको बसली होती.

ती त्या दिवशी दारात उभी राहिली. आदल्याच तासाला सरांनी मला पळपुट्याचं पान विचारलं होतं. साठीची बाई, नऊवारी, कपाळ मोकळं, काखेत पत्र्याचा डबा.

“लढाईचं पुस्तक ल्हितात ते मास्तर हितंच ऱ्हातात का?”

“हो. तुम्ही?”

“चिमाबाई शिंगटे. आरळगाव.”

माझ्या हातातलं कार्ड नेमकं ‘शिंगटे, धोंडी’ होतं. मी ते उलटं ठेवलं.

सर बाहेर आले. चिमाबाई खाली बसली, सर खुर्चीत बसले. ती भांडायला आलेली नव्हती. मला वाटतं, भांडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

“मास्तर, दसऱ्याला आमच्याकडं सोनं लुटायला जायच्या आधी चौदा घरास्नी पयलं सोनं देत्यात. चावडीपुढं बोलावून, नाव घिऊन. चाळीस-बेचाळीस वरसं मी जाती. ह्या वक्ताला सांगावा आला, चिमाबाई, तुमी येऊ नगा. तेराच घरं हायती.”

“दुर्दैव आहे,” सर म्हणाले. “पण आजीबाई, इतिहास भावनेवर चालत नाही. पुराव्यावर चालतो.”

“म्हनून तर आनलाय.”

तिने डबा उघडला. आत एक पत्र, घडीवर फाटलेलं, मागून कापड चिकटवलेलं. धोंडीच्या सोबत्याने लिहिलेलं. चिमाबाईला वाचता येत नव्हतं, पण तिने पत्र हातात धरून, त्याच्याकडे न बघता, आमच्याकडेही न बघता म्हणून दाखवलं: “वैनी, पानी संपलं हुतं. जखमी मानसं पानी पानी करत हुती. वढा खाली हुता, समूर दुस्मानाची मशीनगन. धोंडी म्हनला, मी जातो. आठ बाटल्या गळ्यात अडकावल्या अन् उतारला. तोफंचा गोळा वढ्यात पडला. आमाला काय गावलं न्हाई. वैनी, आमी त्याची वाट बगितली.”

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते.

“सांत्वनपत्र,” ते म्हणाले. “सैनिक अशी पत्रं लिहितातच. कोणी घरी कळवतं का, तुमचा नवरा पळाला म्हणून?”

चिमाबाईने घडी घातली, पत्र डब्यात ठेवलं, झाकण लावलं. मग म्हणाली, “मास्तर, मी अडानी. मला येवढंच सांगा. पळून जानारा मानूस आठ रिकाम्या बाटल्या गळ्यात घालून पळतो व्हय?”

सर उठले. “बारटक्केबाई, आजींना चहा द्या,” म्हणाले आणि आत गेले. सेनापतीने सैन्य सुरक्षित जागी हलवलं.

मी तिला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत काहीतरी बोलायचं म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून बोलून गेले, “आजी, मनाला लावून घेऊ नका. सरांच्या प्रत्येक पुस्तकात एक पळालेला असतोच.”

ती थांबली. “परतेकात?”

“हो ना. आतापर्यंत अकरा झाले.”

“त्यांस्नी बी बायका असतील न्हवं?”

“अहो, ती फार जुनी माणसं. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची.”

“जुनी झाली म्हनून काय झालं? बायका हुत्याच की.” एवढं बोलून ती गाडीत चढली.

परत आले ती सरळ टिपणांच्या कपाटाशी गेले. सरांची टिपणं मीच लावून ठेवलेली. पलटणीच्या रोजनिशीवरून सरांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेला कागद पाच मिनिटांत सापडला: ‘पहाटे. एक शिपाई पाण्याच्या आठ बाटल्या घेऊन खाली. परत नाही.’

आठ! इटलीत साहेबाने लिहिलेले आठ आणि आरळगावच्या डब्यातले आठ. मी कागद घेऊन सरांपुढे उभी राहिले.

“सर, यात बाटल्या आहेत.”

“असतील.”

“तुमच्याच अक्षरात. ग्रंथात नाहीत.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “काढल्या मी. बाटल्यांनी वाक्य जड होत होतं.”

मला क्षणभर वाटलं, थट्टा करतायत. पण सर थट्टा करत नसत. युद्धेतिहासकाराला ते शोभत नाही.

“सर, त्या बाईचा दसरा...”

“फर्मे छापून झालेत, बारटक्केबाई. चारशे पानं. आता काय मी चारशे पानं पेटवू?”

“शुद्धिपत्र टाकू या. एक चिठ्ठी फक्त.”

“माझ्या अकरा ग्रंथांत शुद्धिपत्र नाही!”

ते खरं होतं. शुद्धिपत्र नव्हतं. चुका नव्हत्या असं कोण म्हणतंय?

“छापलेला शब्द मागे घेणारा इतिहासकार आणि उपसलेली तलवार म्यान करणारा वीर, दोघांनी तोंड काळं करावं,” सर म्हणाले. “तुम्ही तुमची सूची बघा. तेवढाच फर्मा राहिलाय.”

मी बाहेर येऊन बसले. संताप संताप झाला होता. माझ्याशी कोणी वाईट वागलं असतं तर इतका झाला नसता. कार्डं पुढ्यात होती आणि सरांचं वाक्य डोक्यात घुमत होतं. तुमची सूची बघा. तेवढाच फर्मा राहिलाय.

बरं. बघते, म्हटलं.

दुसऱ्याच आठवड्यात आरळगावच्या स्मारक समितीच्या अध्यक्षांचं पत्र आलं. निवृत्त सुभेदार मारुतराव पिसाळ. अक्षर संचलनासारखं, प्रत्येक ओळ खांद्याला खांदा लावून. ‘पाथरवट थांबायला तयार नाही. ग्रंथ मोठा आहे, त्यातून नावे वेचत बसणे होणार नाही. सबब मागील सूचीचे पान पाठवावे, त्याबरहुकूम कोरून घेऊ.’

मी सूचीत एक नोंद केली: ‘धारातीर्थी पडलेले’. तिच्याखाली चौदा नावं. चौदावं, ‘शिंगटे, धोंडी – आठ बाटल्या घेऊन पाण्यास उतरला, पान २२१’. सूचीत वाक्य लिहायचं नसतं, मला माहीत आहे. वीस वर्षांत मी लिहिलं नव्हतं. ‘पळपुटे’ ही नोंद त्या ग्रंथात केलीच नाही. आणि सरांसाठी म्हणून ‘खासनीस, ग. वि.’ यापुढे सत्तावीस पानांचे आकडे दिले. त्यातले नऊ खोटे होते. पण सर मोजून बघतील, उघडून बघणार नाहीत, याची मला खात्री होती.

प्रूफ सरांपुढे ठेवलं. त्यांनी थेट ‘ख’ काढला. बोटाने आकडे मोजले.

“सत्तावीस?”

“हो सर. या वेळी जास्त आलेत.”

“उत्तम झालीय हो,” सर म्हणाले आणि खाली सही केली.

दसऱ्याला समितीची जीप आम्हाला न्यायला आली. सरांनी एनसीसीचा ब्लेझर घातला होता, वर बॅरेटसुद्धा. गावाबाहेर माळावर स्तंभ, त्यावर भगवं कापड. लेझीम, हलगी, माजी सैनिकांची रांग, छातीवर पदकं. मी मंचावर मागच्या खुर्चीत बसले आणि रांगेत चिमाबाई दिसतेय का ते शोधू लागले. ती होती, पण बाजूला, आपट्याच्या झाडाखाली, बोलावलेल्यांच्या रांगेत नव्हे.

सुभेदार पिसाळ माझ्या शेजारी येऊन बसले. सत्तरीचे, मिशा पांढऱ्याशुभ्र.

“बाई,” ते समोरच बघत हळूच म्हणाले, “तुमच्या पुस्तकात सातव्या प्रकरणात तेरा हायत. मागच्या यादीत चौदा.”

“तुम्ही वाचलं?”

“समदं. गावात म्या एकट्यानंच वाचलं आसंल.”

“मग... दगडावर?”

“म्या शिपाई गडी. दोन हुकूम उलटेपालटे आले तर शेवटचा पाळायचा, आसं शिकलोय. अन् यादी तुमच्या पुस्तकात शेवटी हाय.” एवढं बोलून ते उठले आणि माइककडे गेले.

सरांनी दोरी ओढली. कापड खाली आलं. टाळ्या. मग ठरल्याप्रमाणे सरांनी दगडावरची नावं वाचायची होती. प्रत्येक नावाला त्या घरातलं माणूस पुढे येणार, सुभेदार त्याच्या हातात सोनं देणार, हवालदार बिगुल वाजवणार.

सर वाचू लागले. त्यांच्यासाठीच केलेला प्रसंग होता तो. प्रत्येक नाव असं उच्चारत की वाटावं, यांनीच त्याला टेकडीवर पाठवलं होतं. दहा झाली. अकरा. बारा. तेरा.

सर थांबले.

मला त्यांचा चेहरा बाजूने दिसत होता. त्यांनी दगडाकडे पाहिलं. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं. खोटं का सांगू, मी काही मर्दानगी दाखवली नाही. उठून बोलायची हिंमत मला आधीही झाली नव्हती आणि तेव्हाही झाली नाही.

“पाणी,” सर म्हणाले.

कोणीतरी पेला दिला. सर प्यायले. अख्खा माळ वाट बघत होता. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, म्हणायचं की हे नाव चुकून आलं, म्हणजे माझ्या ग्रंथाची सूची मी वाचत नाही. दोन, म्हणायचं की प्रकरण चुकलं, म्हणजे मी चुकलो. दोन्हीकडून मशीनगन. आणि समोर पदकं लावलेली रांग.

सरांनी पेला खाली ठेवला आणि माइक जवळ ओढला.

“शिपाई धोंडी शिंगटे!” ते गरजले. “बंधूंनो, हे नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ग्रंथात मी यांच्याविषयी हातचं राखून लिहिलं, कारण पुराव्याची खात्री व्हायची होती. आज मी जाहीर करतो. अनेक वर्षांच्या संशोधनान्ती मला शोध लागला आहे. हा वीर पळाला नाही! हा वीर पाणी आणायला गेला! किती बाटल्या घेऊन? आठ! गळ्यात आठ बाटल्या!”

आता त्या बाटल्यांनी वाक्य जड होत नव्हतं. माळावर बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. बिगुल वाजला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, झालं! बारावा ग्रंथ पळपुट्याशिवाय निघतोय असं वाटत होतं, पण सरांनी पद्धत मोडू दिली नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत पळाला.

चिमाबाई झाडाखालून आली. हळूहळू, कोणाकडे न बघता. सुभेदारांनी तिच्या हातात सोनं ठेवलं आणि खाडकन सॅल्यूट केला. तेरा घरांना त्यांनी नुसता नमस्कार केला होता. ती स्तंभाशी गेली आणि तिने शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारणीच्या सुनेला विचारलं, “ह्येच का?” सून म्हणाली, “ह्येच.” मग ती तिथेच खाली बसली आणि एकदाची मोठ्याने रडली.

कार्यक्रम संपल्यावर सर सत्कारात अडकले. मी जीपपाशी उभी होते. चिमाबाई आली. पदरात आपट्याची पानं होती. एक पान तिने माझ्या हातात दिलं. “सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा.”

मी वाकून पाया पडले. ती म्हणाली, “थांबा, झालं न्हाई.” आणि पदरातून मोजून आणखी पानं काढली. एक, दोन, तीन. तोंडाने मोजत होती. अकरा.

“ही त्या बाकीच्यांची. त्या अकरांची. त्येंच्या बायका काय आता यायच्या न्हाईत साताऱ्याला. तुमच्यापाशी ठिवा.”

सरांनी त्या अकरांना एकेक ओळीत पळवलं होतं. पण सुवाच्य अक्षरात कार्ड करून, त्यावर नावं चढवून, पान नंबर घालून पक्कं कोणी केलं होतं? मीच. आणि या अंगठेबहाद्दर बाईला ते स्टँडवरच्या दोन वाक्यांत कळलं होतं.

ती पानं मी कार्डांच्या पेटीत ठेवली. ‘प’च्या कप्प्यात.

पुढच्या आवृत्तीत सरांनी सातवं प्रकरण नवं लिहिलं. ‘प्रस्तुत लेखकाने प्रथमच उजेडात आणलेली माहिती’ असं त्यात तीनदा आलंय. त्याच संशोधनाबद्दल त्यांना एक पुरस्कारही मिळाला. चिमाबाई त्यानंतर नऊ दसरे पहिलं सोनं घेऊन गेली. मग ती गेली, पुढे सरही गेले. शेवटपर्यंत त्या दिवसाविषयी आमच्यात एक शब्द झाला नाही, फक्त नव्या आवृत्त्यांच्या सूचीवर सही करण्याआधी ते ती पूर्ण वाचू लागले होते.

सरांच्या जन्मशताब्दीला प्रकाशकाने बाराही खंड एकत्र काढायचे ठरवले. एकत्रित सूची कोण करणार? मी निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी माझ्याकडेच आले. मी पेटी काढली. पानांचा भुगा झाला होता, पण देठ अकराच्या अकरा शाबूत होते.

सूची केली. त्या अकरा नावांपुढे मी शूरही लिहिलं नाही आणि भित्राही लिहिलं नाही. लिहिलं, ‘पुढे काय झाले याचा पुरावा नाही’. तेवढंच खरं होतं. मग जुनी नोंद मी पुन्हा घातली. इतक्या वर्षांची नोंद, अशी कशी गाळायची?

प्रूफं गेल्यावर प्रकाशकाच्या कचेरीतून एका संपादकबाईंचा फोन आला. हुशार मुलगी. सूची खरंच तपासत होती.

“मावशी, एक विचारायचं होतं. ‘पळपुटे’ या नोंदीखाली तुम्ही एकच आकडा दिलाय. खंड पहिला, पान तीन.”

“बरं मग?”

“नाही, मी उघडून पाहिलं. पान तीनवर मजकूरच नाहीये. तिथे फक्त मेजरसाहेबांचा फोटो आहे.”

“हो,” मी म्हटलं. “पान बरोबर आहे.”